मॉलऑक्लूजनचं वर्गीकरण कसं करायचं: चावा बघण्यापासून निदान लिहिण्यापर्यंत

मॉलऑक्लूजन म्हणजे दातांची किंवा चाव्याची बिघडलेली ठेवण. तिला ‘क्लास वन’, ‘क्लास टू’ अशी नावं देणं ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दातांची ठेवण सुधारण्याच्या शास्त्रात, अगदी सुरुवातीला शिकवलं जातं, आणि घाईही याच कामात सगळ्यात जास्त होते. गाल थोडा बाजूला केला, दाढांवर नजर टाकली, केस पेपरवर क्लास लिहिला, की झालं. अडचण अशी की एकदा नाव ठरलं की पुढचं सगळं आपण त्या नावाला धरूनच बघायला लागतो. क्लास टू म्हटलं की वरचा जबडा पुढे असणार, क्लास वन म्हटलं की फक्त दात वाकडे असणार, असं गृहीत धरलं जातं. पण तो क्लास फक्त वरच्या आणि खालच्या दाढेचं एकमेकींशी असलेलं नातं सांगतो. जबडा, चेहरा, ओठ, चाव्याची खोली यांबद्दल त्यात एक अक्षर नसतं.

म्हणून इथे दिलेला क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: आधी बघायचं, मग मोजायचं, लिहून ठेवायचं, आणि नाव सगळ्यात शेवटी द्यायचं. लेख मुख्यतः दंतवैद्यकाचे विद्यार्थी, इंटर्न आणि ऑर्थोडॉन्टिस्टकडे पेशंट पाठवणाऱ्या जनरल डेंटिस्टसाठी आहे.

अँगलची पद्धत आणि तिची मर्यादा

एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये ही विभागणी मांडली. वरची पहिली कायमची दाढ आपल्या जागेवर पक्की असते असं त्याने धरलं आणि खालची दाढ तिच्या तुलनेत बरोबर आहे, मागे आहे की पुढे आहे, यावरून तीन वर्ग केले. वरची दाढ पक्की असते हे गृहीतक पुढे टिकलं नाही. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली तर तिच्या मागची कायमची दाढ खुशाल पुढे सरकते, मग ती वरची असो की खालची. तरीही सव्वाशे वर्षांनी जगभर हीच भाषा बोलली जाते, कारण ती सोपी आहे आणि दोन अनोळखी डॉक्टरांना एका शब्दात एकमेकांचं म्हणणं कळतं.

मर्यादा तेवढी ओळखून वापरायची. अँगलची पद्धत फक्त पुढे-मागे या एका दिशेची आहे. वर-खाली आणि आडवी या दोन दिशा तिच्यात नाहीत, जबड्याचं हाड नाही, दातांची गर्दी नाही. ही पोकळी भरण्यासाठी पुष्कळ सुधारणा झाल्या. त्यातली सगळ्यात उपयोगी मला ॲकरमन आणि प्रॉफिट यांची १९६९ ची मांडणी वाटते. दातांची रांग, चेहऱ्याची ठेवण, आडवी दिशा, पुढची-मागची दिशा आणि उभी दिशा अशा पाच गोष्टी ते एकत्र बघायला लावतात. ड्यूईने १९१५ मध्ये क्लास वन आणि क्लास थ्रीचे उपप्रकार केले होते. परीक्षेला ते विचारतात, पण रोजच्या कामात उपप्रकाराचा नंबर लिहिण्यापेक्षा ‘वरची डावी लॅटरल क्रॉसबाइटमध्ये’ असं सरळ लिहिलेलं जास्त कामाचं. (लॅटरल म्हणजे मधल्या पटाशीच्या शेजारचा दात, आणि क्रॉसबाइट म्हणजे वरचा दात खालच्याच्या आत चावणं.)

पहिला टप्पा: खरा चावा पकडा

सगळं मोजमाप पेशंट दात कसे मिटतो यावर अवलंबून असतं. इथे चूक झाली तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

पेशंटला ताठ बसवा, नजर समोर लांबवर, आणि कानाच्या छिद्राच्या वरच्या कडेपासून डोळ्याच्या खोबणीच्या खालच्या कडेपर्यंतची फ्रँकफर्ट रेषा जमिनीला समांतर. खुर्ची मागे झुकवलेली असेल तर खालचा जबडा मागे पडतो आणि ओव्हरजेट, म्हणजे वरचे पुढचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत ते अंतर, उगाच वाढलेला दिसतो.

‘दात दाखव’ म्हटलं की बहुतेक मुलं खालचा जबडा पुढे आणून पटाशीवर पटाशी टेकवतात. त्याऐवजी ‘मागच्या दाढांवर चाव’ म्हणा. जमत नसेल तर जिभेचं टोक टाळूला शक्य तितकं मागे लावायला सांगा आणि तसंच दात मिटायला सांगा. किंवा थुंकी गिळून दात मिटायला सांगा. हे तीन-चारदा करून घ्या आणि दरवेळी दात त्याच जागी येतात का ते बघा.

यानंतरची तपासणी अनेकदा राहून जाते. पेशंटला सैल बसवून हनुवटीला हलका आधार द्या आणि जबडा मागच्या स्थितीत ठेवून हळूहळू मिटवा. पहिला दात कुठे टेकतो ते बघा. मग पूर्ण चावायला सांगा. पहिल्या स्पर्शापासून पूर्ण चाव्यापर्यंत जबडा घसरतो का, किती आणि कुठल्या बाजूला? एखादा मिलिमीटर पुष्कळांमध्ये असतो. पण जबडा ठळकपणे पुढे किंवा एका बाजूला सरकत असेल तर समोर दिसणारा चावा हा तडजोडीचा चावा आहे, आणि त्यावरून दिलेला क्लास फसवा निघू शकतो.

साहित्य फारसं लागत नाही: माउथ मिरर, गाल ओढून धरायला रिट्रॅक्टर, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी किंवा प्रोब, आणि हातात असतील तर स्टडी मॉडेल्स (दातांच्या ठशावरून बनवलेल्या प्रतिकृती). मॉडेल असलं की आतल्या बाजूनेही बघता येतं, जे तोंडात शक्य नसतं.

दुसरा टप्पा: दात मोजा

हा टप्पा दोन मिनिटांचा, पण टाळू नका. कुठला दात आहे, कुठला नाही, कुठला दुधाचा राहिला आहे, एखादा जास्तीचा दात मध्ये घुसला आहे का, हे आधी लिहा. वरची लॅटरल जन्मतःच नसेल आणि सुळा तिच्या जागी येऊन बसला असेल, तर पुढचं सगळं नातं वेगळ्या नजरेने वाचावं लागतं. मूल दहाच्या आसपासचं असेल तर वरच्या सुळ्याचा फुगवटा हिरडीवर, गालाच्या बाजूने बोटाने चाचपून बघा. दोन्हीकडे सारखा लागायला हवा. एकीकडे लागतो आणि दुसरीकडे लागत नाही, असं झालं तर एक्स-रे काढायला लावा.

तिसरा टप्पा: दाढांचं नातं

आता गाल पूर्ण ओढून धरा आणि दाढेकडे काटकोनात बघा. समोरून तिरकं बघितलं तर वरच्या दाढेचं टोक खालच्या दाढेच्या तुलनेत मागे भासतं आणि थोडा क्लास टू असलेला चावा क्लास वनसारखा दिसतो. तोंडाच्या फोटोंमध्ये ही गडबड फार होते. फोटोवरून क्लास ठरवण्याआधी तो कुठल्या कोनातून काढला आहे ते तपासा.

बघायचं ते असं. वरच्या पहिल्या कायमच्या दाढेच्या गालाकडच्या बाजूला दोन टोकं असतात. त्यांतलं पुढचं टोक, म्हणजे मेसिओबकल कस्प, खालच्या पहिल्या दाढेच्या खाचेत बसलं की क्लास वन. खाचेच्या बाबतीत एक खबरदारी घ्या: खालच्या पहिल्या दाढेला गालाच्या बाजूला बहुधा तीन टोकं आणि दोन खाचा असतात. आपल्याला हवी ती पुढची खाच, पहिल्या आणि दुसऱ्या टोकांच्या मधली. मागची खाच धरली तर क्लास थ्रीकडे झुकलेली दाढही क्लास वन वाटेल.

वरचं टोक खाचेच्या पुढे पडत असेल, म्हणजे खालची दाढ मागे असेल, तर क्लास टू. टोक खाचेच्या मागे पडत असेल, म्हणजे खालची दाढ पुढे असेल, तर क्लास थ्री. पूर्ण क्लास टूमध्ये ते टोक खालची दुसरी उपदाढ (उपदाढा म्हणजे सुळा आणि दाढा यांच्यामधले दोन दात) आणि पहिली दाढ यांच्यामधल्या फटीत येतं. पूर्ण क्लास थ्रीमध्ये खालच्या पहिल्या आणि दुसऱ्या दाढेच्या मधल्या फटीत येतं.

प्रत्यक्षात बरेच पेशंट या ठरावीक जागांच्या मधे कुठेतरी असतात. म्हणून नुसतं ‘क्लास टू’ न लिहिता किती ते लिहा: पाव युनिट, अर्धा, पाऊण, पूर्ण. एक युनिट म्हणजे एका उपदाढेची रुंदी, साधारण ७ मिमी. टोकावर टोक असेल तर अर्धा युनिट, ज्याला एंड-ऑन म्हणतात. हा फरक नुसता कागदावरचा नाही. पाव युनिट क्लास टू आणि पूर्ण क्लास टू यांचं नाव एक असलं तरी उपचारात दात किती सरकवायचे याचा हिशेब अगदी वेगळा होतो.

दोन्ही बाजू वेगळ्या बघा आणि वेगळ्या लिहा. एक बाजू क्लास वन आणि दुसरी क्लास टू असेल तर त्याला सबडिव्हिजन म्हणतात. उजवी सबडिव्हिजन म्हणजे दोष असलेली बाजू उजवी, असा सर्वसाधारण अर्थ. पण सगळे डॉक्टर तसंच समजतात असं नाही, तेव्हा ‘उजवीकडे क्लास टू, डावीकडे क्लास वन’ असं पूर्ण लिहिणं उत्तम.

एवढ्यावर थांबू नका, दोन गोष्टी पडताळून बघा. पहिली म्हणजे वरच्या दाढेची मागची बाजू. लॉरेन्स ॲन्ड्र्यूजने उपचार न केलेल्या, नैसर्गिकरीत्या उत्तम ठेवणीच्या १२० मॉडेल्सचा अभ्यास करून १९७२ मध्ये सहा कसोट्या मांडल्या. त्यांतल्या पहिल्या कसोटीत त्याने दाखवून दिलं की टोक खाचेत असणं पुरेसं नाही. वरच्या पहिल्या दाढेच्या मागच्या टोकाची मागची बाजू खालच्या दुसऱ्या दाढेच्या पुढच्या टोकाला टेकायला हवी. दुसरी पडताळणी आतून करायची. मॉडेल उलटं धरून बघा: वरच्या दाढेचं टाळूकडचं पुढचं टोक खालच्या दाढेच्या मधल्या खळग्यात बसलं आहे का? वरची दाढ टाळूकडच्या मुळाभोवती फिरलेली असेल तर गालाकडची टोकं पुढे येतात आणि बाहेरून क्लास टू दिसतो, पण आतून बघितलं तर नातं बरंच ठीक असतं. अशा वेळी दाढ नुसती फिरवून सरळ केली तरी क्लासचा मोठा भाग सुधारतो. दाढ मागे ढकलायची की फिरवायची हे या एका निरीक्षणावर ठरू शकतं.

पहिली दाढ काढलेली असेल आणि दुसरी तिच्या जागी सरकली असेल, तर ओढूनताणून क्लास देऊ नका. ‘दाढेचं नातं नोंदवता येत नाही’ असं लिहा आणि पुढच्या टप्प्यावर जा.

चौथा टप्पा: सुळा आणि उपदाढा

वरच्या सुळ्याचं टोक खालचा सुळा आणि खालची पहिली उपदाढ यांच्या मधल्या फटीत आलं की सुळ्याचा क्लास वन. त्याच्या पुढे पडलं तर क्लास टू, मागे पडलं तर क्लास थ्री. उपदाढांसाठीही हाच हिशेब: वरच्या पहिल्या उपदाढेचं टोक खालच्या दोन उपदाढांच्या मधे.

दाढ एक सांगते आणि सुळा दुसरं सांगतो, असं झालं तर त्यांतलं एक खोटं ठरवायची घाई करू नका. फरक का पडला ते शोधा. दाढ क्लास वन आणि सुळा क्लास टू असेल तर मधल्या भागात गर्दी असेल, खाली एखादी उपदाढ कमी असेल, दातांच्या रुंदीचं प्रमाण बिघडलेलं असेल. उलटही होतं: वरच्या दोन उपदाढा काढून उपचार पूर्ण केलेल्या पेशंटची दाढ पूर्ण क्लास टू आणि सुळा क्लास वन असतो, आणि तो शेवट ठरवून साधलेला असतो. दातांच्या रुंदीच्या प्रमाणासाठी बोल्टनने १९५८ मध्ये दिलेले आकडे आजही वापरतात: खालच्या सहा पुढच्या दातांची एकूण रुंदी वरच्या सहांच्या ७७.२ टक्के, आणि बारा-बारा दातांसाठी ९१.३ टक्के.

पाचवा टप्पा: पटाशीचे दात

क्लास टूचे दोन विभाग इथे ठरतात. वरचे पटाशीचे दात पुढे झुकलेले आणि ओव्हरजेट वाढलेला असेल तर डिव्हिजन वन. मधल्या दोन पटाशा आत, टाळूकडे झुकलेल्या असतील तर डिव्हिजन टू. त्यात लॅटरल बहुधा बाहेर येऊन मधल्या दातांवर चढलेल्या असतात आणि चावा खोल असतो. डिव्हिजन टूचा पेशंट समोरून हसला की फारसं काही बिघडलेलं वाटत नाही, म्हणून तो नजरेतून निसटतो.

याशिवाय पटाशीच्या दातांचं स्वतंत्र वर्गीकरण आहे, ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनचं १९८३ चं. त्यात दाढेकडे बघतच नाहीत. वरच्या मधल्या पटाशीच्या आतल्या बाजूला जो फुगीर भाग असतो, सिंग्युलम, तो आधार धरतात. खालच्या दाताची कड त्या फुगवट्याच्या सपाट भागाला टेकत असेल किंवा बरोबर त्याच्या खाली असेल तर क्लास वन, मागे पडत असेल तर क्लास टू, पुढे असेल तर क्लास थ्री. एकाच पेशंटमध्ये दाढेचा क्लास वन आणि पटाशीचा क्लास टू डिव्हिजन वन असू शकतो. नोंदीत ‘दाढ’, ‘सुळा’, ‘पटाशी’ असा उल्लेख नसेल तर वाचणाऱ्याला कुठल्या क्लासबद्दल बोलणं चाललंय ते कळत नाही.

ओव्हरजेट मोजताना पट्टी चाव्याच्या पातळीला समांतर धरा आणि तिचं टोक खालच्या पटाशीच्या पुढच्या पृष्ठभागाला टेकवा. वरचा जो पटाशीचा दात सगळ्यात पुढे आहे तिथला आकडा घ्या. २ ते ३ मिमी ठीक. खालचे दात पुढे असतील तर आकड्याला उणे चिन्ह लावा. ओव्हरजेट मोठा असेल तेव्हा ओठही बघा. पेशंट न सांगता ओठ मिटतो का? की खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे अडकतो? अडकणारा ओठ वरच्या दातांना पुढे ढकलत राहतो. ओठांचं संरक्षण नसलेले पुढचे दात पडण्या-आपटण्यात तुटण्याची शक्यताही जास्त असते, आणि लहान मुलांमध्ये उपचार लवकर सुरू करण्याचं हे एक खरं कारण आहे.

सहावा टप्पा: उभी दिशा

वरची पटाशी खालच्या पटाशीचा किती भाग झाकते, ते ओव्हरबाइट. पेन्सिलीने खालच्या दातावर वरच्या कडेची खूण करा आणि तोंड उघडल्यावर खुणेपासून त्याच दाताच्या चावायच्या कडेपर्यंत मोजा. साधारण एक तृतीयांश झाकलं जाणं ठीक.

खोल चाव्यात आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे खालचे दात कशाला टेकतात. मिरर घेऊन वरच्या पटाशीच्या मागची टाळूची हिरडी बघा. तिथे दातांचे ठसे, लाली किंवा जखम असेल तर तो इजा करणारा खोल चावा, आणि त्याची निकड वेगळी. डिव्हिजन टूमध्ये वरचे दात खालच्या दातांच्या पुढच्या हिरडीवरही घासतात, तीही तपासा.

ओपन बाइट असेल, म्हणजे चावा मिटल्यावरही वरच्या-खालच्या दातांमध्ये उभी फट राहत असेल, तर कुठल्या दातापासून कुठल्या दातापर्यंत आणि सगळ्यात जास्त किती मिमी ते लिहा. फट एका बाजूला जास्त असेल तर अंगठा चोखण्याची सवय विचारा आणि दोन्ही हातांचे अंगठे बघा. चोखला जाणारा अंगठा बहुधा दुसऱ्यापेक्षा स्वच्छ असतो आणि त्यावर घट्टा असतो. मूल नाही म्हणालं तरी हात सांगतो. जीभ दातांच्या मध्ये येते का हेही गिळताना बघायचं, पण जीभ हे कारण की फट आहे म्हणून जीभ तिथे जाते, हा निष्कर्ष एका भेटीत काढू नका.

सातवा टप्पा: आडवी दिशा आणि मध्यरेषा

मागच्या दातांमध्ये वरच्या दातांची गालाकडची टोकं खालच्यांच्या बाहेर असायला हवीत. ती आत असतील तर क्रॉसबाइट. उलट, वरचे दात इतके बाहेर असतील की खालच्या दातांना भेटतच नाहीत, तर सिझर बाइट.

एका बाजूचा क्रॉसबाइट दिसला की लगेच मध्यरेषा, म्हणजे मधल्या दोन पटाशांच्या मधली रेषा, बघा. पेशंटला तोंड उघडायला सांगा: खालची मध्यरेषा वरच्या रेषेशी जुळते का? आता हळूहळू मिटायला सांगा आणि शेवटच्या क्षणी खालचा जबडा क्रॉसबाइटच्या बाजूला सरकतो का बघा. सरकत असेल तर वरचा जबडा बहुधा दोन्ही बाजूंनी अरुंद आहे. दात टोकावर टोक आले की चावता येत नाही म्हणून मूल जबडा एका बाजूला नेतं. दिसतं एकीकडे, दोष असतो दोन्हीकडे. हे न तपासता एकाच बाजूचे दात सरकवायचा बेत केला तर तो फसतो.

हीच गोष्ट पुढच्या क्रॉसबाइटमध्ये. मागच्या स्थितीत जबडा मिटवल्यावर पटाशीची कड कडेला टेकत असेल आणि मग जबडा पुढे घसरत असेल, तर तो खोटा क्लास थ्री. खऱ्या क्लास थ्रीमध्ये जबडा मागे नेऊन पटाशीची कड कडेला भेटवता येत नाही.

मध्यरेषा चेहऱ्याशी आधी जुळवा, मग एकमेकींशी. दोन भुवयांच्या मधून वरच्या ओठाच्या मधल्या खळीपर्यंत फ्लॉसचा धागा धरला की वरची रेषा किती आणि कुठे सरकली ते कळतं. दोन्ही रेषा एकमेकींशी जुळल्या तरी दोन्ही मिळून चेहऱ्याच्या बाजूला असू शकतात.

आठवा टप्पा: जागा

प्रत्येक रांगेत दातांना लागणारी जागा आणि उपलब्ध जागा यांतला फरक काढा. ४ मिमीपर्यंत कमतरता म्हणजे थोडी गर्दी, ४ ते ८ मध्यम, त्यापुढे तीव्र, अशी ढोबळ पायरी बहुतेक ठिकाणी वापरतात. फटी असतील तर त्या कुठे आहेत ते लिहा.

नववा टप्पा: दातांच्या मागचं हाड

दातांचा क्लास आणि जबड्याचा क्लास वेगळे असतात. चेहरा बाजूने बघा: बहिर्गोल, सरळ की अंतर्गोल. मग वरच्या आणि खालच्या ओठांच्या मुळाशी, हाडाचा सगळ्यात खोलगट भाग असतो तिथे, बोटांनी चाचपा. खालचा बिंदू वरच्याच्या २ ते ३ मिमी मागे असेल तर जबड्यांचं नातं ठीक मानतात.

पक्कं उत्तर लॅटरल सेफॅलोग्राममधून, म्हणजे डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेमधून मिळतं. ही पद्धत ब्रॉडबेंटने १९३१ मध्ये रुळवली. स्टायनरच्या विश्लेषणात कवटीच्या तळाच्या तुलनेत वरचा जबडा किती पुढे ते सांगणारा एसएनए कोन सुमारे ८२ अंश, खालच्या जबड्यासाठी तसाच एसएनबी ८० अंश आणि दोन्हींतला फरक, एएनबी, २ अंश धरतात. एएनबी ४ च्या वर गेला तर क्लास टूचा जबडा, शून्याच्या खाली गेला तर क्लास थ्रीचा. पण एएनबी एकटाच घेऊ नका: नाकाच्या मुळाचा बिंदू पुढे-मागे असेल किंवा जबडे वर-खाली फिरलेले असतील तर कोन बदलतो आणि जबडा आहे तिथेच असतो.

दात हाडाचा दोष झाकतात, हे इथे सगळ्यात नीट दिसतं. खालचा जबडा मागे असला की खालच्या पटाशा पुढे झुकून वरच्यांना गाठायचा प्रयत्न करतात. ओव्हरजेट ४ मिमीच भरतो, पण एएनबी ७ निघतो. क्लास थ्रीमध्ये उलट: वरच्या पटाशा पुढे आणि खालच्या आत. म्हणून ओव्हरजेटच्या आकड्याशेजारी पटाशीच्या दातांचा कल लिहिलेला नसेल तर तो आकडा अर्धवट आहे.

मुलांच्या बाबतीत

दुधाच्या दातांना अँगलचा क्लास लावत नाहीत. तिथे वरच्या आणि खालच्या दुसऱ्या दुधाच्या दाढांच्या मागच्या कडा बघतात. दोन्ही एका रेषेत असतील तर फ्लश टर्मिनल प्लेन, खालची पुढे असेल तर मेसियल स्टेप, मागे असेल तर डिस्टल स्टेप.

फ्लश प्लेन असलेल्या मुलाला सहाव्या वर्षी कायमची दाढ आली की ती साहजिकच एंड-ऑन येते, म्हणजे अर्धा युनिट क्लास टू. आई-वडिलांना ‘क्लास टू आहे’ असं सांगून घाबरवायची ही वेळ नाही. दुधाचा सुळा आणि दोन दुधाच्या दाढा यांची जागा नंतर येणाऱ्या कायमच्या दातांना लागते त्यापेक्षा थोडी जास्त असते. नान्सने १९४७ मध्ये दिलेले आकडे असे: वर प्रत्येक बाजूला ०.९ मिमी, खाली प्रत्येक बाजूला १.७ मिमी. खाली जास्त जागा सुटते, खालची दाढ जास्त पुढे येते, जबड्याच्या वाढीची साथ मिळते, आणि पुष्कळ मुलांमध्ये क्लास वन आपोआप बसतो. डिस्टल स्टेपचं तसं नाही. तो आपण होऊन सुधारत नाही, पुढे क्लास टूच होतो.

आठ ते अकराच्या दरम्यान वरच्या पटाशा फाकलेल्या आणि मधे फट दिसते. येऊ घातलेले सुळे लॅटरलच्या मुळांवर दाब देत असतात. सुळे आले की फट बहुधा मिटते. या वयात फट बंद करायला जाऊ नका, लॅटरलची मुळं सुळ्यांच्या वाटेत ढकलली जातात.

दहावा टप्पा: आता नाव

एक उदाहरण घेऊ. मुलगी १३ वर्षांची, सगळे कायमचे दात आलेले, तक्रार ‘पुढचे दात पुढे आहेत’. मिटताना जबडा घसरत नाही. उजवी दाढ पाऊण युनिट क्लास टू, डावी क्लास वन. उजवा सुळा अर्धा युनिट क्लास टू, डावा क्लास वन. वरच्या पटाशा पुढे झुकलेल्या, ओव्हरजेट ७ मिमी. ओव्हरबाइट खोल, खालचे दात टाळूला टेकतात पण जखम नाही. क्रॉसबाइट नाही. वरची मध्यरेषा चेहऱ्याशी जुळते, खालची २ मिमी उजवीकडे. खाली ३ मिमी गर्दी. चेहरा बहिर्गोल, एएनबी ५, ओठ ओढून मिटावे लागतात.

आता वाचा. दोष उजवीकडे आहे. खालची मध्यरेषाही उजवीकडेच गेली आहे आणि वरची जागच्या जागी आहे. म्हणजे खालची रांग उजवीकडे मागे पडली आहे, वरची रांग उजवीकडे पुढे सरकलेली नाही. त्यामुळे वरच्या उजव्या दाढेला मागे ढकलायचा विचार करण्याआधी खालच्या बाजूचं कारण शोधावं लागेल: उजवीकडे एखादा दुधाचा दात लवकर गेला होता का, की जबड्याच्या दोन बाजूंच्या वाढीत फरक आहे? नुसतं ‘क्लास टू डिव्हिजन वन’ लिहिलं असतं तर हा प्रश्नच पडला नसता.

निदानाची ओळ अशी होईल: अँगल क्लास टू डिव्हिजन वन, उजवी सबडिव्हिजन, म्हणजे उजवीकडे पाऊण युनिट आणि डावीकडे क्लास वन. जबडा सौम्य क्लास टू. ओव्हरजेट ७ मिमी, पटाशा पुढे झुकलेल्या. खोल, पूर्ण टेकणारा पण इजा न करणारा चावा. खालची मध्यरेषा २ मिमी उजवीकडे. खाली सौम्य गर्दी. ओठ सहज मिटत नाहीत.

यात किती निकड आहे हे क्लास सांगत नाही. त्यासाठी ब्रूक आणि शॉ यांनी १९८९ मध्ये मांडलेला आयओटीएन (इंडेक्स ऑफ ऑर्थोडॉन्टिक ट्रीटमेंट नीड, म्हणजे उपचाराची गरज मोजणारा निर्देशांक) आहे. त्यात आरोग्याच्या दृष्टीने १ ते ५ अशा श्रेणी असतात आणि सगळ्यात वाईट एका दोषावरून श्रेणी ठरते. क्रम ठरलेला: न आलेले दात, मग ओव्हरजेट, क्रॉसबाइट, दातांचं सरकणं, आणि शेवटी ओव्हरबाइट. ओव्हरजेट ६ च्या वर आणि ९ पर्यंत असेल तर श्रेणी ४, ९ च्या वर गेला तर ५. वरची मुलगी ४ मध्ये येते. उलट, दाढांचा निर्दोष क्लास वन असलेला पण हाडात अडकलेल्या सुळ्याचा पेशंट ५ मध्ये जाऊ शकतो.

क्लास थ्रीकडे झुकणाऱ्या मुलांची नोंद एकदा करून सोडू नका. खालच्या जबड्याची वाढ वरच्यापेक्षा उशिरापर्यंत चालते, मुलग्यांमध्ये तर किशोरवय सरत आलं तरी. आठव्या वर्षी एंड-टू-एंड, म्हणजे पटाशीची कड कडेला टेकणारा, असलेला चावा सोळाव्या वर्षी उलटा झालेला असू शकतो. मॉडेल आणि फोटोंवर तारीख घाला, दर वर्षी त्याच पद्धतीने मोजा आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. जबड्याच्या शस्त्रक्रियेचा विचार असेल तर लागोपाठच्या सेफॅलोग्राममध्ये वाढ थांबल्याचं दिसल्यावरच अंतिम बेत ठरवायचा.